रात्री अकरानंतरचा दर

अकरा वाजून गेले की फोन स्वस्त होतो.
इसाफ्योर्दुरला डिसेंबरात सूर्य डोंगरामागेच राहतो,
तेव्हा अकरा म्हणजे नेमके कुठले
ते घड्याळालाच विचारायचं.
थोरहिल्दुर वडिलांना गोळ्या देते,
प्लास्टरमधला त्यांचा पाय उशीवर ठेवते,
आणि टेबलावरची खारवलेल्या माशाची ताटली सारून
मॉडेम पुढे ओढते.

आधी नुसता सूर.
मग खरखर, पत्र्यावर कुणी वाळू ओतावी तशी.
मग काहीच नाही.
आणि त्या काहीच नाहीमध्ये
बर्फानं अडलेले सगळे घाट ओलांडून
रेक्याविकच्या विद्यापीठातलं, तळघरातलं यंत्र
दार किलकिलं करतं:
कोण?

ती नाव सांगते. लॉगिनपुरतं,
कानामात्रा काढून ठेवलेलं.
पासवर्ड लिहिताना पडद्यावर काही उमटत नाही,
बोटं चालतात, कर्सर जागचा हलत नाही.
पाण्यावर लिहावं
आणि पाण्यानंच वाचून घ्यावं.

मागच्या वेळी तू आली होतीस काल,
अकरा वाजून सात मिनिटांनी,
यंत्र सांगतं.
दिवसभरात तिची इतकी नेमकी नोंद
दुसऱ्या कुणी ठेवलेली नसते.

समुद्रप्रवाहांचं तिचं गणित आत चालूच आहे,
सप्टेंबरपासून.
घरी यायला निघताना तिनं त्याला बजावलं होतं:
फोन ठेवला तरी थांबू नकोस.
युनिक्समध्ये तशी आज्ञा आहे.
माणसांना देता येत नाही.

आत आणखी कोण आहे?
एकच नाव. स्नायब्योर्न, रात्रपाळीचा.
शेजारी आकडा: चार मिनिटं कळफलकाला हात नाही.
तळघराला खिडकी नाही,
म्हणजे कॉफीच आणायला गेला असणार.

मग पडदा मधोमध दुभंगतो.
वर ती, खाली तो.
अक्षर अक्षर सुटं येतं,
लिहिलेलं दिसतं तसं खोडलेलंही दिसतं.

तिच्या नावाचं पहिलं अक्षर मात्र येत नाही.
तारेला सातच कप्पे, त्याला आठवा लागतो.
आपला ळ परक्या तोंडात ल होतो,
तसं त्याचं वाटेत भलतंच होतं:
भिंतींशिवायचं, इवलंसं छप्पर.
^
काय म्हणतंय छप्पर, तो विचारतो.
बाबांचा पाय दुखतोय, ती लिहिते.

खालच्या अर्ध्यात काही वेळ काहीच नाही.
मग:
वसंतात परत येणार आहेस का
आणि कर्सर मागे फिरतो.
का गेला. आहेस गेलं.
येणार गेलं, परत गेलं,
वसंत तेवढा क्षणभर रेंगाळला,
तोही गेला.
डिस्क भरत आलीय, तो लिहितो.
जुन्या फाइली काढशील?

काढते, ती लिहिते.
दिसलं मला, असं लिहीत नाही.

इतक्यात पलीकडच्या खोलीत
गुद्ब्रांदुर फोन उचलतात.
बंदरावरचं हवामान हवंय त्यांना.
पाय मोडलाय, सवय नाही.
पडदा कंसांनी, टिंबांनी, कचऱ्यानं भरतो
आणि गोठतो.
लाइनीत वारा शिरलाय, ते ओरडतात.
हो, ती म्हणते. पुन्हा लावून बघा.

दुसऱ्या रात्री, अकरा वाजून तीन मिनिटांनी,
त्याचं पत्र आलेलं असतं.
डिस्कवर आता जागा आहे, धन्यवाद. एवढंच.
पण वर तिचं नाव,
आणि नावाच्या आरंभी ते अक्षर
अख्खं: उभा दांडा, मधे पोट.
आठवा कप्पा कुणीतरी उघडला होता.
कुणी, केव्हा, किती वेळ खपून,
पत्रात एक शब्द नाही.

ती उत्तराला बसते.
जानेवारीअखेर सूर्य डोंगरावर येतो,
तेव्हा गावात घरोघरी कॉफी आणि पॅनकेक असतात.
रस्ता बंद असतो. विमान येतं,
वारा नसेल तर.
लिहिलेलं एकदा वाचते. खोडत नाही.
आणि खाली सहीच्या जागी,
अक्षर आता नीट येत असूनही,
छप्परच काढते.